चौदा दिवसांचा हिशेब: कामगार विभागास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, कामगार विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

प्रत माहितीसाठी: ठाणे व नवी मुंबईत बस, वीज, पाणी, दवाखाने आणि साफसफाई चालवणाऱ्या सर्व कार्यालयांचे प्रमुख, तसेच त्याच कार्यालयांच्या फाटकावर द्वारसभा घेणाऱ्या सर्व संघटना.

विषय: संपाची नोटीस मिळाल्यानंतरचे चौदा दिवस.
संदर्भ: अर्जदाराची चौतीस वर्षांची नोकरी.

महोदय,

स. न. वि. वि.

विषय-संदर्भ लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही, ही नोकरीची खोड. ठाणे जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक सेवेच्या आस्थापना शाखेत मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं अजून तिथे आहेत, आणि सांगणार आहे ते दुखणं बहुतेक कचेऱ्यांत सापडेल. वेतनवाढी, सेवापुस्तकं, निवृत्तिवेतनाची प्रकरणं हा माझा रोजचा संसार. मधूनच एखाद्या वर्षी संप. संप म्हटलं की लोकांना बंद फाटक, झेंडे, घोषणा आठवतात. मला आवक नोंदवही आठवते.

त्या वहीत एका गुरुवारी नोंदवलेली एक नोटीस अजून डोळ्यांसमोर आहे. मागण्या तीन. पगार सात तारखेच्या आत व्हावा, थकलेला दोन वर्षांचा धुलाई भत्ता मिळावा आणि रात्रपाळीच्या माणसांना पाठ टेकायला एक खोली असावी. मी शिक्का मारला, क्रमांक टाकला, नस्ती (म्हणजे फाइल) वर पाठवली. साहेब अधिवेशनासाठी नागपूरला. तिसऱ्या दिवशी नस्ती परत आली, कोपऱ्यात शेरा: ‘चर्चा करा’. आमच्या भाषेत ‘चर्चा करा’ म्हणजे संघटनेशी नव्हे, टिपणी लिहिणाऱ्याने साहेबांशी. सहाव्या दिवशी ती विधी शाखेत गेली. नवव्या दिवशी लेखा शाखेने लिहिलं, ‘तरतूद नाही’. अकराव्या दिवशी मला सांगण्यात आलं, ‘काम नाही, वेतन नाही’चं परिपत्रक तयार ठेवा. मसुदा नव्याने लिहावाही लागला नाही. मागच्या संपाचा होता, तारीख बदलली. तेराव्या दिवशी सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे बैठक लागली, तिला आमच्याकडून असा एक कनिष्ठ अधिकारी गेला की ज्याला स्वतःच्या सहीने टाचण्यांचा डबाही मागवता येत नव्हता. पंधराव्या दिवशी संप झाला. सतराव्या दिवशी रात्री साडेअकरा वाजता समेट झाला: पगार सात तारखेला, भत्ता दोन हप्त्यांत, खोली मंजूर. आणि ‘तरतूद नाही’ लिहिणाऱ्या लेखाधिकाऱ्यांनीच दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या आत तरतूद शोधून दिली.

त्या तीन दिवसांत शहराने जे सोसलं त्याबद्दल वर्तमानपत्रांनी कामगारांना धारेवर धरलं. वेठीस धरलं, ओलीस ठेवलं, नेहमीचेच शब्द. माझ्या नोंदवहीकडे कोणी आलं नाही. आलं असतं तर सरळ दिसलं असतं की चौदांपैकी पहिले बारा दिवस त्या नोटिशीवर संघटनेशी एक अक्षरही बोलणं झालेलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. संप बेकायदेशीर की कायदेशीर, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. संपाच्या आधीच्या दिवसांत कोणी काय केलं, हे विचारायची पद्धतच नाही.

कायद्याचं आधी बोलतो. त्याबाबत दोन्ही बाजूंनी बऱ्याच भाकडकथा पसरवल्या जातात.

संप हा मूलभूत हक्क नाही. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे, पण त्यात संपाचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सांगून ठेवलं. पुढच्याच वर्षी बिहारच्या कामेश्वर प्रसाद प्रकरणात सरकारी नोकराचा शांततेने निदर्शनं करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला, संपाचा मात्र नाही. पुढे तमिळनाडूत जुलै २००३ मध्ये सरकारने जवळपास दोन लाख कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढलं. ऑगस्ट २००३ मध्ये टी. के. रंगराजन प्रकरणाच्या निकालात न्यायालय म्हणालं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक, कुठलाच हक्क नाही. माणसं परत घेतली गेली ती बिनशर्त माफीनामा लिहून घेऊन. आपल्याकडेही १९७९ च्या वर्तणूक नियमांनी राज्य सरकारी नोकराला संपाची मनाई आहे. द्वारसभेत ‘संप हा आमचा घटनादत्त हक्क आहे’ म्हणून टाळ्या घेणाऱ्या पुढाऱ्यांनी एकदा हे वाचावं. पुढाऱ्याची टाळी कोणी कापून घेत नाही, शिपायाचा पगार कापला जातो.

पण गोष्ट इथेच संपत नाही. सार्वजनिक सेवेतला प्रत्येक माणूस ‘सरकारी नोकर’ नसतो. एसटीचा चालक महामंडळाचा कामगार, महावितरणचा लाइनमन कंपनीचा कामगार, पालिकेच्या बसवरचा वाहक परिवहन उपक्रमाचा. असे लोक औद्योगिक कायद्यात येत आले आहेत आणि त्या कायद्याने संपावर बंदी घातलेली नव्हती, अटी घातल्या होत्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २२ प्रमाणे लोकोपयोगी सेवेत संपाआधी नोटीस लागे आणि नोटिशीनंतर चौदा दिवस संप करता येत नव्हता. समेटाची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस, तेव्हाही नव्हता. त्याच कायद्यात मालकावरही काम टाकलेलं होतं: नोटीस हाती पडल्यापासून पाच दिवसांत सरकारला कळवायचं. आणि लोकोपयोगी सेवेत अशी नोटीस आली की समेट अधिकाऱ्याने कार्यवाही सुरू करायचीच. ती त्याच्या मर्जीवर नव्हती. अहवाल चौदा दिवसांत द्यायचा.

म्हणजे कायदा लिहिणाऱ्याने चौदा दिवस ठेवले ते बोलण्यासाठी. संपाला उशीर व्हावा एवढाच हेतू असता तर पाच दिवसांचं कलम घालायचं कारणच नव्हतं.

प्रत्यक्षात काय होतं ते आपल्या विभागाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. समेटाची बैठक लागते, मालकपक्ष गैरहजर. पुढची तारीख. मालकपक्ष हजर, पण ‘वरून सूचना नाहीत’. पुढची तारीख. कार्यवाही उघडीच राहते, आणि ती उघडी आहे तोवर संप बेकायदेशीर. तारीख मागून घ्यायची आणि त्याच तारखेच्या जोरावर संप बेकायदेशीर ठरवून घ्यायचा, ही युक्ती मी स्वतः साहेबांना टिपणीत सुचवलेली आहे. माझ्या हुशारीची तेव्हा तारीफ झाली. आज ते आठवलं की ओशाळायला होतं.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली. चौदा दिवसांची नोटीस जी १९४७ च्या कायद्यात लोकोपयोगी सेवांपुरती होती, ती आता सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली. निम्म्या किंवा अधिक माणसांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा टाकली तर तोही संपच. सामूहिक रजेची पळवाट बुजली. चला, ठीक. पण कामगाराच्या बाजूची भोकं इतक्या कसोशीने बुजवल्यावर समोरच्या बाजूच्या खिंडाराकडेही कोणी पाहायला हवं होतं.

आणि वर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला मनाई करणारा राज्याचा कायदा. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभरचे लाखो कर्मचारी संपावर होते, १४ ते २० मार्च. त्याच दिवसांत विधिमंडळातून हा अत्यावश्यक सेवा परिरक्षणाचा कायदा नव्याने मंजूर झाला. एक नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही, ही तक्रार त्यांच्या मनात सतरा वर्षं साचत आली होती. सतरा वर्षं! अभ्यास समिती नेमली गेली ती संपाच्याच दिवसांत. इतकी वर्षं जी समिती सुचली नाही, ती संप सुरू झाल्यावर काही दिवसांत सुचली, यावरून खालच्या लिपिकाने काय समजायचं? त्याने जे समजायचं तेच समजलं.

‘अत्यावश्यक’ या शब्दावर मला जरा थांबायचं आहे. मेस्मा लावला की तो माणूस अत्यावश्यक ठरतो. वॉरंटशिवाय अटक होऊ शकते इतका अत्यावश्यक. मग उरलेल्या तीनशे साठ दिवसांत त्याचा पगार का लांबतो? कचरा उचलणाऱ्याच्या हातात हातमोजे का नसतात? शब्द एकच, पण तो फक्त एका बाजूला बांधतो.

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने या शब्दाची पुष्कळ चिकित्सा केली आहे. भारताने तिचे संघटना-स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटींचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार अजून स्वीकारलेले नाहीत, आणि त्याचं कारणही सरकारी नोकर हेच सांगितलं जातं. तरी तिचा विचार उपयोगी आहे. ती म्हणते, ज्या सेवेच्या बंदने माणसाचा जीव, सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येतं ती खरी अत्यावश्यक. दवाखाना, पाणी, वीज. बस त्या काटेकोर व्याख्येत येत नाही, पण तिथे किमान सेवा ठरवून घेता येते. आणि कचऱ्यासारख्या सेवेत दिवस मोजावे लागतात. तुर्भ्याकडे जाणाऱ्या गाड्या एक दिवस थांबल्या तर वास येईल. दहा दिवस थांबल्या तर साथ येईल. म्हणजे एकाच कामाचं अत्यावश्यकपण पहिल्या आणि दहाव्या दिवशी सारखं नसतं. आपल्या अधिसूचनेत ते सरसकट असतं.

तीच संघटना आणखी एक गोष्ट सांगते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. ज्याच्याकडून संप काढून घ्याल त्याला बदल्यात तटस्थ आणि झटपट लवाद द्या. ही परदेशी कल्पना आहे असं कोणी म्हणू नये. केंद्र सरकारने १९६६ पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लामसलतीची यंत्रणा उभी केली आणि तिच्यात वेतन-भत्ते, कामाचे तास आणि रजा या विषयांवर सक्तीचा लवाद ठेवला. आपल्याकडे मेस्माची अधिसूचना एका दिवसात निघते. तिच्या पाठीला जोडलेला लवादाचा आदेश मी चौतीस वर्षांत एकदाही टंकलेला नाही.

आता आमच्या भागात घडलेलं.

जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी बहात्तर तासांच्या संपाची हाक दिली होती. कारण होतं भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या पट्ट्यात वीज वितरणाचा समांतर परवाना मागणारा अदानी समूहाच्या कंपनीचा अर्ज. (आम्हा कळवेकरांकडे २०२० पासून वीज फ्रँचायझीकडे आहे, त्यामुळे या वादाची चव आम्हाला आधीच माहीत होती.) हाक काही दिवस आधीपासून जाहीर होती, मेस्माही लागला होता. तीन तारखेच्या मध्यरात्री संप सुरू झाला. चार तारखेला तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी संघटनांची बैठक घेतली आणि त्याच दिवशी संप मागे घेतला गेला. बैठक घेतली हे चांगलंच झालं. मला एवढंच विचारायचं आहे की चार तारखेला काही तासांत जे बोलून झालं, ते दोन तारखेला बोलता आलं नसतं का? मधल्या रात्री ज्यांच्याकडे अंधार झाला, त्यांच्या घरात श्वासाचं मशीन लावलेलं माणूसही असू शकतं. इथे मी संघटनांनाही सांगेन: विजेच्या बाबतीत ‘आम्ही उपकेंद्र सोडणार नाही, वसुली आणि कार्यालयीन कामं थांबवू’ असा संप आखता येतो. दिवा घालवून सरकारला कळतं आणि बिल थांबवून कळत नाही, असं नाही. उलट बिल थांबलं की फार लवकर कळतं.

एसटीचं मात्र जिव्हारी लागलेलं आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत, साडेपाच महिने चालला. आमच्या ठाण्यात खोपट आणि वंदनाचे स्टँड ओस पडले होते. करोनानंतर शाळा नुकत्या उघडल्या होत्या आणि मुरबाड-शहापूरच्या आतल्या गावांतली मुलं, विशेषतः मुली, पुन्हा घरी बसल्या. मुलाला कोणाच्या तरी दुचाकीवर बसवून पाठवतात. मुलीला पाठवत नाहीत. त्यातल्या किती पुन्हा शाळेत आल्या, याचा हिशेब ना महामंडळाने मांडला ना संघटनांनी.

त्या कामगारांचं दुःख खोटं नव्हतं. पगार अनियमित, तोही तुटपुंजा. हताश होऊन काहींनी जीव दिला. नोव्हेंबरच्या अखेरीस सरकारने वेतनवाढ दिली: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांवाल्यांना ४,००० आणि पुढच्यांना २,५००. पगार दहा तारखेच्या आत देऊ, असंही सांगितलं. माझं ठाम मत आहे, तिथे संप थांबायला हवा होता. एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण ही मागणी अशी होती की ती संपाने मिळण्यासारखीच नव्हती. ती मान्य केली असती तर उद्या प्रत्येक महामंडळ दारात उभं राहिलं असतं, हे सरकारला ठाऊक होतं आणि पुढाऱ्यांनाही. जुन्या संघटना मागे पडल्या, नवे वक्ते पुढे आले, आणि माघारीचा रस्ता कोणी ठेवलाच नाही. उच्च न्यायालयाची मनाई झुगारून संप चालला. निलंबन, बदल्या, बडतर्फी, सगळं झालं. शेवटी न्यायालयानेच २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर या म्हणून मुदत दिली आणि बडतर्फांना परत घ्यायला लावलं. विलीनीकरण झालं नाही. ते डिसेंबर ते एप्रिलचे पगार मात्र गेलेच.

पगार जाणं म्हणजे काय, हे आस्थापना शाखेला विचारा. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मुंबईच्याच एका बँकेच्या प्रकरणात मालकाला कपातीचा अधिकार मान्य केला, आणि १९९४ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केलं की संपकाळाचा पगार हवा असेल तर संप कायदेशीर तर हवाच, शिवाय न्याय्यही हवा. दोन्ही. वाक्य छोटं आहे. हजेरीपटावर ते उतरवताना एका सफाई कामगाराच्या सेवापुस्तकात मी नऊ दिवसांचा सेवाखंड लाल शाईने लिहिला. तो निवृत्त झाला तेव्हा त्या नऊ दिवसांनी त्याचं निवृत्तिवेतनाचं प्रकरण सात महिने अडवलं. संपाला उभं करणारा पुढारी तोपर्यंत नगरसेवकाचं तिकीट मागत होता.

आमच्या घरातही संप राहून गेला आहे. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या ५४ दिवसांच्या संपात वडील होते. र. ग. कर्णिकांचं नेतृत्व, केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही मागणी. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. चाळीसाव्या दिवसानंतर किराणावाल्याने उधारीची वही मिटली आणि आईने पाटल्या काढून दिल्या. वडील रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सभेला जात, जणू ऑफिसलाच निघालेत. भत्ता मिळाला. पाटल्या काही परत आल्या नाहीत, पण त्या भत्त्यावर माझं शिक्षण झालं, त्यामुळे संपाने काहीच मिळत नाही असं मला कोणी सांगू नये. आणि संपाने सगळं मिळतं असंही सांगू नये. ५४ दिवस पोटाला चिमटा घेणारी माणसं तेव्हा मागण्यांचा कागद पाठ म्हणून दाखवत. आज संपावर असलेल्या चौघांना विचारलं तर चार वेगळ्या मागण्या ऐकू येतात.

सगळ्यात अवघड तिढा नवाच आहे आणि तो आपल्याच दोन शहरांत रोज रस्त्यावर धावतो. ठाण्याची बस घ्या, नवी मुंबईची घ्या, बेस्टची घ्या. बसवर शहराचं बोधचिन्ह, तिकीट परिवहनाचं, मार्ग परिवहनाने ठरवलेला; पण अनेक गाड्यांवरचा चालक ठेकेदाराचा. ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मुलुंड-घाटकोपरच्या आगारांतून बेस्टच्या अशाच कंत्राटी चालकांचा संप सुरू झाला आणि आठवडाभर पसरला. तेव्हा प्रवाशांनी पाहिलं की बोलायचं कोणाशी हेच ठरत नाही. उपक्रम म्हणतो, ती ठेकेदाराची माणसं. ठेकेदार म्हणतो, दर उपक्रमाने ठरवलाय. पगार मागताना हा चालक खासगी आणि गाडी थांबवली की अत्यावश्यक सार्वजनिक सेवक! दोन्ही कसं?

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात याचं उत्तर साध्या शब्दांत होतं आणि नव्या कामगार संहितांतही आहे: ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायची. ठाणे-नवी मुंबईत दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ठेक्यावरची माणसं थकीत पगारासाठी ‘काम बंद’ करतात. त्यातल्या किती वेळा मूळ मालकाने या कलमाप्रमाणे आधी पगार देऊन मग ठेकेदाराला धरलं? आकडा आपल्या विभागाने काढावा. मला भीती आहे की तो काढायला फार वेळ लागणार नाही.

आमच्या इमारतीत विटाव्याहून एक बाई कामाला येतात. अशाच एका बसबंदीच्या दिवशी त्या ठाणे स्टेशनच्या सॅटिसवर, म्हणजे पुलावरच्या बसथांब्यावर, तासभर उभ्या राहिल्या, मग शेअर रिक्षाला दुप्पट मोजून घोडबंदरच्या कामावर पोचल्या, तर तिथल्या मॅडमनी उशीर झाला म्हणून अर्धा खाडा धरला. संध्याकाळी आमच्याकडे आल्या तेव्हा मी कामगारांची बाजू सांगायला लागलो. त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, “काका, त्यांचा पगार अडला म्हणून त्यांनी बस अडवली. माझा अडला तर मी काय अडवू?”

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर उत्तरं भरपूर होती. ‘सगळ्यांना काढा, नवी पोरं रांगेत उभी आहेत.’ हे लिहिणाऱ्यांपैकी एक जण स्वतः बँकेचे निवृत्त अधिकारी, आणि बँकेच्या प्रत्येक संपाचा त्यांनी लाभ घेतलेला आहे. असो. त्या बाईंच्या प्रश्नाचा राग चालकावर काढायचा की बारा दिवस नस्ती फिरवणाऱ्या माझ्यासारख्यावर, एवढं तरी त्यांना ठरवता यावं.

त्यासाठी माझी विनंती फार मोठी नाही, नव्या कायद्याचीही गरज नाही. लोकांना रोज लागणाऱ्या सेवेत संपाची नोटीस आली की त्याच दिवशी ती आपल्या विभागाच्या संकेतस्थळावर लावा, मागण्यांसकट. तिच्याखाली रोज एक ओळ: आज कोण कोणाशी बोललं, मालकपक्षाकडून कोण हजर होतं, त्याला निर्णयाचा अधिकार होता की नव्हता, पुढची तारीख कोणी मागितली. बस्स. एक लिपिक दहा मिनिटांत हे करील. मी केलं असतं. ठेक्याचं काम असेल तर मूळ मालकाची सही असल्याशिवाय बैठक झाली असं धरू नका. आणि ज्या दिवशी मेस्माची अधिसूचना काढाल त्याच दिवशी, त्याच कागदावर, लवाद कोण आणि त्याचा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत, हेही छापा. २०१९ च्या जानेवारीत बेस्टचा संप नऊ दिवस चालल्यावर उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रिबेलो यांना मध्यस्थ नेमलं. तो मध्यस्थ संपाच्या नवव्या दिवसाऐवजी नोटिशीनंतर नवव्या दिवशी का असू नये?

संघटनांना माझं मागणं याहून कडक आहे. आपत्कालीन विभाग, पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन, वीज उपकेंद्र, शाळेच्या वेळेच्या गाड्या: एवढं चालू ठेवू, असं नोटिशीतच लिहून द्या, माणसांच्या पाळ्या लावून. मतदान गुप्त घ्या; हात वर करवून घेतलेलं मत म्हणजे मत नव्हे, मागे उभ्या असलेल्या माणसाची भीती असते. आणि संप कसा मागे घ्यायचा हे आधी ठरवा, मग संप कधी करायचा ते.

हे पत्र सर्वांसाठी खुलं आहेच; त्याची एक प्रत टपालाने रजिस्टर करून आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. पोच आली की तिच्यावरचा आवक क्रमांक आणि तारीख मी वहीत उतरवून घेईन आणि पंधराव्या दिवशी नस्ती कुठवर पोचली ते विचारायला येईन. कळव्याहून मंत्रालयात यायला दोन तास लागतात. गाड्या चालू असल्या तर.

कळावे,

आपला,
एक निवृत्त अधीक्षक (आस्थापना),
खारेगाव, कळवा, ठाणे